दुधाची चरवी
(अन्न, भांडे आणि आरोग्य यांच्या इतिहासातील एक पान)

यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या समाजातील जुन्या घरगुती पाककृतींविषयी काही लिहावे, अशी संपादक मंडळींची सूचना आली, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. पाककृती हा भगिनीवर्गाच्या अधिकाराचा विषय; त्यात माझ्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकाने लुडबूड करावी, हे शोभणारे नव्हे. परंतु विचाराअंती असे ध्यानात आले की, पाककृतीला जशी सामग्री लागते तसे भांडेही लागते. आणि भांडे हा तर आपल्या तांबट-कासार ज्ञातीचा पिढीजात विषय आहे. तेव्हा अन्न आणि भांडे यांचा जो संबंध, त्याचा थोडासा इतिहास येथे सांगण्याचे योजिले आहे. त्यात अभिमानाची स्थळे पुष्कळ आहेत. परंतु एक स्थळ असेही आहे की, ज्याविषयी आपण चारचौघांत बोलण्याचे टाळतो. ते या निमित्ताने बोलून टाकावे, असे मनात आहे.

आजीच्या स्वयंपाकघरातील शास्त्र

पेशवाईच्या काळात आपले पूर्वज कोकणातून पुण्यास आले व कसब्यात स्थायिक झाले, असे आपण वडिलांच्या तोंडून ऐकत आलो आहोत. तांबट आळी हे नाव आजही त्या वस्तीची साक्ष देते. तांब्याचा पत्रा तापवावा, ठोकावा, जोडावा आणि अखेरीस त्यावर मठारकाम करावे, म्हणजे हातोडीच्या एकसारख्या घावांनी पत्रा कठीण व्हावा आणि त्यावर आरशासारखे चमकणारे ठसे उमटावेत, ही आपली विद्या. हंडा, कळशी, घंगाळ, बंब, तपेले, परात, पंचपात्र, चरवी, कासंडी अशी भांडी या आळीतून पुण्यातल्या वाड्यावाड्यांत गेली. सकाळी आळीत शिरले म्हणजे ठोक्यांच्या नादात शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येऊ नये, अशी स्थिती माझ्या लहानपणापर्यंत होती.

ही भांडी घरात आली म्हणजे त्यांचे राज्य गृहिणीकडे जाई. आणि त्या राज्याचे कायदे कडक असत. माझ्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिच्या पाककृती तिच्या हातात होत्या, वहीत नव्हत्या. तथापि कोणता पदार्थ कोणत्या भांड्यात करावा, याविषयी तिची चूक कधी झाली नाही. चिंचगुळाची आमटी, सार, कढी, पंचामृत, पन्हे हे आंबट पदार्थ कल्हईच्या भांड्यातच व्हावयाचे. ताक घालून केलेली चाकवताची पातळ भाजीही कल्हईतच. लोणचे चिनी मातीच्या बरणीत. दही मातीच्या किंवा दगडी भांड्यात. एखाद्या नव्या सुनेने ताक उघड्या पितळेच्या भांड्यात ठेवले, तर ते ‘कळकले’ म्हणून फेकून द्यावे लागे व वर बोलणी खावी लागत ती वेगळीच. ‘कळकणे’ हा एकच शब्द पाहा! पितळेच्या अगर तांब्याच्या भांड्यात अन्न बिघडून त्यास जो हिरवट-तुरट दोष येतो, त्यासाठी मराठी भाषेने स्वतंत्र क्रियापद घडविले. हा दोष किती घरांत, किती पिढ्या, किती बारकाईने पाहिला गेला असेल, याची कल्पना या शब्दावरूनच येते.

मराठीत पाककृतींची पुस्तके छापली जाऊ लागली ती पुढे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे हजार पाकक्रियांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली प्रसिद्ध झाले. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याचे माप घरोघर नेले. परंतु भांड्याचे ज्ञान छापील पुस्तकाच्या आधीचे आहे. ते सासूकडून सुनेकडे आणि आईकडून मुलीकडे तोंडी चालत आले.

या ज्ञानाचा आधारस्तंभ म्हणजे कल्हई. कल्हईवाला दारात भट्टी पेटवी, भाता चालवी, भांडे तापले की त्यात नवसागराची पूड टाकी. पांढरा धूर निघे आणि त्या क्षणी कथलाचा तुकडा फिरवून तो कापसाच्या बोळ्याने सारे भांडे रुपेरी करी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून साध्या कोळशाच्या भट्टीवर हे काम होते. नवसागर धातूवरील मळ काढतो आणि कथील तांब्याला घट्ट धरते. मग अन्नाचा स्पर्श कथलाला होतो, तांब्याला होत नाही. राखेने व चिंचेने घासता घासता काही महिन्यांत ती कल्हई उडे आणि पुन्हा कल्हईवाल्याची हाक कानी येई. भांडे आपण घडवावे व त्याला निर्दोष कल्हईवाल्याने ठेवावे, असा हा दोन धंद्यांचा जोडव्यवहार होता.

शास्त्रवचने दोन, आणि तीही परस्परविरुद्ध

आता दुधाचा प्रश्न घेऊ. कारण या लेखाचा गाभा तोच आहे.

सुश्रुतसंहितेत कोणता पदार्थ कोणत्या पात्रात वाढावा याचा विचार आला आहे. तूप लोखंडाच्या पात्रात, फळे पानांवर, असे सांगत असता चांगले तापवून थंड केलेले दूध तांब्याच्या पात्रात द्यावे, असे तेथे म्हटले आहे. याउलट कर्मठ घरांतून पिढ्यानपिढ्या सांगितले जाणारे दुसरे एक वचन आहे. त्याचा आशय असा की, नारळाचे पाणी काशाच्या भांड्यात, मध तांब्याच्या भांड्यात आणि तूप सोडून गाईचे कोणतेही गोरस तांब्याच्या भांड्यात ठेवले, तर ते मद्यासारखे त्याज्य होते. शिवाय रसशास्त्राच्या ग्रंथांत अशुद्ध तांब्याचे आठ दोष मोजले आहेत. भ्रम, मूर्च्छा, दाह, वांती, अरुची हे त्यांपैकी काही. म्हणजे तांबे पोटात गेले असता घातक होते, हे प्राचीनांना पक्के ठाऊक होते.

आपल्या पुण्याकडील घरांनी या दोहोंपैकी दुसरे वचन मानले. तांब्याच्या भांड्यात दूध ठेवावयाचे नाही, हे आजीसुद्धा सांगत असे. परंतु वचनात शब्द होता तो ‘ताम्र’. पितळेचे नाव त्यात नव्हते. म्हणून दूध तांब्यातून निघाले आणि पितळेत गेले. दुधाची चरवी पितळेची, दूध तापविण्याचे पातेले पितळेचे, बाळाला दूध पाजण्याची वाटीही कित्येकदा पितळेची. आणि पितळ म्हणजे काय? तांबे व जस्त यांचा मिलाफ. त्यात बहुधा निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग तांबेच असते, हे आपल्या ज्ञातीतील पोरासोरांनाही ठाऊक आहे. वचनाचे अक्षर पाळले गेले. अर्थ मात्र हातचा निसटला.

‘लिव्हर’ नावाचे संकट

वयोवृद्ध वाचकांना आठवत असेल की, पूर्वी एखादे गुटगुटीत मूल वर्ष-दीड वर्षाचे झाले की अकस्मात किरकिरे होई. त्याचे पोट फुगे, यकृत दगडासारखे हाताला लागे, अंगात बारीक ताप राही, पुढे कावीळ होई व पोटात पाणी होई. आणि काही महिन्यांत ते मूल दगावे. लोक म्हणत, ‘बाळाला लिव्हर झाला.’ डॉक्टरांच्या भाषेत या रोगास भारतीय बालयकृत-काठिण्य म्हणावे लागेल. कलकत्त्याचे डॉक्टर सेन यांनी १८८७ साली त्याचे प्रथम वर्णन केले. त्यानंतर सुमारे नव्वद वर्षे देशभरचे वैद्य व डॉक्टर त्याच्या कारणाचा शोध करीत होते.

या रोगाच्या काही गोष्टी मोठ्या चमत्कारिक होत्या. तो बहुधा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांनाच होई. त्यांतही एक ते तीन वर्षांची अधिक. मोठ्या माणसांस तो होत नसे. एकाच घरात एकामागून एक भावंडे त्याने जात. दारिद्र्याने गांजलेल्या घरांपेक्षा ज्या घरांत दुधाची ददात नाही, अशा खाऊनपिऊन सुखी मध्यम घरांत तो अधिक दिसे. काही समाजांत तो वारंवार होई, तर काहींत जवळजवळ नसे. यावरून कोणी म्हणत, रोग रक्तातला आहे. कोणी आईच्या दुधाला दोष देई. कोणी दृष्ट, कोणी घराण्याला लागलेला शाप म्हणे. नवस होत, अंगारे-धुपारे होत. मूल गेले की आईकडे बोट दाखविण्यास सारे पुढे असत.

पुण्यातील संशोधन

या कोड्याची उकल होण्यात आपल्या पुण्याचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट फार थोड्या पुणेकरांस ठाऊक असेल. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालय १९१२ साली स्थापन झाले व पुढे डॉक्टर बानू कोयाजी यांच्या कारकिर्दीत नावारूपास आले. तांबट आळीपासून ते फार दूर नाही. तेथील बालरोगतज्ज्ञ डॉक्टर आनंद पंडित व डॉक्टर शीला भावे यांच्याकडे या रोगाची मुले येत. इंग्लंडातील डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांचे सहकार्य त्यांना लाभले.

१९७९ साली टॅनर, पंडित आणि त्यांचे सहकारी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात असे प्रसिद्ध केले की, या मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतोनात वाढलेले असते. त्याच वर्षी दुसऱ्या एका संशोधकगटानेही रोगी यकृताच्या पेशींत साठलेल्या तांब्याकडे लक्ष वेधले. आता प्रश्न असा उरला की, दूधपित्या बालकाच्या यकृतात इतके तांबे येते कोठून? आईच्या दुधात तर तांबे अत्यल्प असते.

उत्तर मिळाले ते प्रयोगशाळेत नव्हे, तर आयांना विचारलेल्या साध्या प्रश्नांतून. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले? ते कोणत्या भांड्यात तापविले? किती वेळ त्यात ठेवले? १९८३ साली या मंडळींनी ‘लॅन्सेट’मध्येच आपला निष्कर्ष मांडला: फार लवकर सुरू केलेले, आणि पितळेच्या अगर तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेले जनावराचे दूध हे या रोगाचे कारण असावे. मग रोगी मूल आणि त्याच्याच वयाचे निरोगी मूल अशा जोड्या लावून त्यांच्या आहाराची तुलना करण्यात आली व ती १९८७ साली प्रसिद्ध झाली. तिनेही तेच दाखविले. रोगी मुलांना वरचे दूध लवकर मिळाले होते आणि ते दूध पितळेच्या अगर तांब्याच्या भांड्यात राहिले होते.

शरीरातील तांबे बांधून बाहेर काढणारे पेनिसिलामाइन नावाचे औषधही या मुलांना देऊन पाहण्यात आले. वेळेवर सुरू झाल्यास काही मुले त्याने वाचली. पूर्वी जवळजवळ सारीच दगावत. परंतु खरा उपाय औषधाचा नव्हता. ज्या घरात एक मूल या रोगाने गेले, त्या घरास ‘पुढच्या बाळाचे दूध पितळेत ठेवू नका’ एवढाच उपदेश करावयाचा होता. १९९० नंतर हा रोग झपाट्याने ओसरला. आज नव्या डॉक्टरांना तो पुस्तकातच वाचावयास मिळतो.

सत्याला धरून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सर्वच रोग्यांचा उलगडा केवळ भांड्याने होत नाही. काही बालकांच्या प्रकृतीतच तांबे साठविण्याचा उपजत कल असावा, असेही संशोधकांचे मत आहे. एकाच प्रकारच्या भांड्यातले दूध प्यालेली सगळीच मुले आजारी पडत नसत, याचे कारण तेच असावे. परंतु दूरच्या एका देशातील अनुभव आपल्या अनुभवास पुष्टी देतो. ऑस्ट्रियातील टिरोल या डोंगराळ मुलुखात १९०० ते १९७४ या काळात अशाच रोगाने १३८ बालके दगावली, असे १९९६ साली प्रसिद्ध झाले. तेथील आया गाईचे दूध पिठाबरोबर बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात शिजवून मुलांना देत. ती भांडी जाऊन नवी आली आणि रोगही गेला. धर्म निराळा, भाषा निराळी, हवा निराळी. भांड्याचा धातू मात्र एक.

आजीचे शास्त्र कोठे अपुरे पडले?

आता कोणी विचारील, ताक कळकते हे ज्या स्त्रियांना इतके अचूक ठाऊक होते, त्यांना दुधाचे का कळले नाही? माझ्या अल्पमतीप्रमाणे याचे उत्तर असे आहे.

आंबट पदार्थातील अम्ल तांब्याला खाते व त्यातून हिरवट क्षार तयार होतात. ते डोळ्यांना दिसतात, जिभेला लागतात, खाणाऱ्यास तत्काळ मळमळ होते. म्हणजे दोष आपण होऊन बोलतो. दुधाचे तसे नाही. ताजे दूध आंबट नसते. परंतु त्यातील केसीन नावाचे प्रथिन तांब्याला धरून ठेवते. दूध पितळेत तापले व तासन्‌तास राहिले की तांबे त्यात उतरते. पण रंग बदलत नाही, आणि बालकाला चवीची तक्रार सांगता येत नाही. शिवाय मोठ्या माणसाचे यकृत जास्तीचे तांबे पित्तावाटे बाहेर टाकते, म्हणून तेच दूध पिणारे आई-बाप धडधाकट राहतात. तान्ह्या बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा असतो आणि तो बाहेर टाकण्याची शक्ती अजून अपुरी असते. त्याला दिवसातून अनेक वेळा, महिनोन्महिने, केवळ दूधच मिळते. विष थेंबाथेंबाने साचते. परिणाम वर्षाने दिसतो. कारण आणि कार्य यांत एवढे अंतर पडले की, जिभेच्या व डोळ्यांच्या परीक्षेवर उभे असलेले शास्त्र तेथे आंधळे होते. तेथे मोजणारे शास्त्र लागते.

म्हणून ‘जुने ते सोने’ म्हणणारे आणि ‘जुने ते सगळे खुळे’ म्हणणारे, दोघेही मला सारखेच उतावळे वाटतात. आजीचा नियम खोटा नव्हता. तो अपुरा होता. संशोधकांनी तो मोडला नाही, पुरा केला.

आमच्या घरातील चरवी

येथे थोडे घरचे सांगावे लागते. त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

माझ्या थोरल्या आत्याचे पहिले मूल माझ्या जन्मापूर्वी दीड वर्षाचे होऊन गेले. दुसरे गेले तेव्हा मी सहा-सात वर्षांचा होतो. फुगलेले पोट व पिवळे पडलेले डोळे मला आजही आठवतात. पहिल्या नातवाच्या बारशाला आमच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने पितळेची एक चरवी घडवून दिली होती. काठाला नाजूक वळण, अंगावर एकसारखे मठारकाम. त्या बाळाचे दूध त्या चरवीत राही. दुसऱ्याचेही त्याच चरवीत. आत्या माहेरी येई तेव्हा चरवी बरोबर आणी, कारण वडिलांच्या हातची वस्तू. दुसरे मूल गेल्यावर तिच्या सासरी जे बोलले गेले ते येथे लिहिण्यासारखे नाही. तिसऱ्या खेपेस कोणा वृद्ध बाईच्या सांगण्यावरून तिने वर्षभर बाळाला वरचे दूध न देण्याचा नेम केला. ते मूल जगले. श्रेय नेमाला आणि देवाला गेले.

त्या मुलांच्या रोगाचे निदान कोणी मोठ्या डॉक्टरने केलेले नव्हते, म्हणून मी ठामपणे काही म्हणत नाही. परंतु पुढे शिक्षक झाल्यावर, पितळेच्या भांड्यातील दुधाविषयीची माहिती प्रथम वाचनात आली, तेव्हा माझ्या हातापायांतील शक्ती गेली. मी ती वडिलांना वाचून दाखविली. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे आक्काला सांगू नकोस. तिने इतकी वर्षे स्वतःला दोष दिला. आता बापाला देईल.” आम्ही ते तिला कधीच सांगितले नाही. आजोबा तर तोवर हयात नव्हते. चरवी आत्याच्या पश्चात आमच्याकडे आली व आजही फळीवर आहे. वडिलांनी तिला कल्हई करून घेतली, पण दुधाला कधी वापरू दिली नाही. आणि मोडीतही घालू दिली नाही.

आत्याला सांगितले नाही हे योग्य की अयोग्य, याचा निर्णय मला अजून करता आला नाही. एक बाजू अशी की, दोष तिचा नव्हता, तिच्या दुधाचा नव्हता, कुळाचा नव्हता, हे तिला मरणापूर्वी कळावयास हवे होते. दुसरी बाजू वडिलांनी सांगितलीच. परंतु एवढे मात्र मला निश्चित वाटते की, एका आत्यापुरते मौन क्षम्य असेल. सबंध ज्ञातीचे मौन क्षम्य नव्हे.

आपला धंदा आणि आपले कर्तव्य

आपल्यात असा एक समज आहे की, असल्या गोष्टी बोलल्याने धंदा बसतो. इतिहास तसे सांगत नाही. प्रथम अॅल्युमिनियमची, म्हणजे ज्यास आपण ‘जर्मन’ म्हणतो ती, भांडी आली. त्यामागून स्टेनलेस स्टील आले. हलके, स्वस्त, कल्हईची कटकट नाही, घासण्यास सोपे. डॉक्टरांचा निष्कर्ष प्रसिद्ध होण्यापूर्वीच शहरी स्वयंपाकघरांतून पितळ हटू लागले होते. तांबट आळीतील ठोके मंदावले ते स्टीलमुळे, संशोधनामुळे नव्हे. आणि ज्या स्टीलच्या नावाने आपण बोटे मोडली, त्यानेच हा रोग हटविण्यास डॉक्टरांच्या उपदेशाइतका हातभार लावला, हेही प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. आपल्या घरातील चूल ज्याने मंद केली, त्याने दुसऱ्यांच्या आणि आपल्याही घरांतील पाळणे हलते ठेवले.

सांप्रत काळचक्र पुन्हा फिरले आहे. तांब्याचे तांबे, पेले, पाण्याच्या बाटल्या यांना मोठी मागणी आली आहे. पितळेची भांडीही हौसेने घेतली जातात. ही आनंदाची गोष्ट आहे, आणि तिला आधारही आहे. २०१२ साली बंगळूरच्या संशोधकांनी दाखविले की, दूषित पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले असता अतिसाराचे जंतू नष्ट होतात, आणि त्या पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेने घातलेल्या लिटरमागे २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या पुष्कळच आत राहते. देवघरातील पंचपात्राने जे सुचविले, ते प्रयोगशाळेने मान्य केले. पण ग्राहक पाण्यापुरता थांबत नाही. तो त्या बाटलीत लिंबाचे सरबत भरतो, ताक भरतो. आणि नवी आजी हौसेने नातवासाठी पितळेची वाटी व चरवी नेते. त्या वेळी दुकानावर बसलेला आपला ज्ञातिबंधू गप्प राहिला, तर त्याच्यासारखा अपराधी तोच.

म्हणून माझी नम्र सूचना अशी आहे. आपल्या समाजातील जो कोणी तांब्या-पितळेचे भांडे घडवील वा विकील, त्याने ग्राहकाला तोंडाने चार गोष्टी सांगाव्यात. पहिली: उघड्या तांब्या-पितळेत दूध तापवू नये व ठेवू नये, तान्ह्या मुलासाठी तर कदापि नाही. दुसरी: आंबट पदार्थ, ताक, सरबत, लोणचे यांना ही भांडी वर्ज्य. तिसरी: स्वयंपाकास वापरावयाची असतील तर कल्हई पाहिजेच, आणि ती शुद्ध कथलाची, शिसे मिसळलेले कथील स्वस्त पडते, पण शिसे हे स्वतःच विष आहे. चौथी: बाळाला पहिले सहा महिने आईचेच दूध. या चौथ्या गोष्टीचा भांड्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. तर वर सांगितलेला सर्व इतिहास हेच तिचे उत्तर आहे.

आणि आईचे दूध म्हटले की आईचे अन्न आले. येथेही पुण्याने मोलाचे काम केले आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांच्या आहाराचा अभ्यास चालविला. आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांच्यासह २००१ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले, त्यात ७९७ गर्भवती स्त्रियांचा आहार पाहिला होता. ज्या स्त्रियांच्या आहारात दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे अधिक वेळा असत, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली आढळली. गरोदर सुनेच्या पानात चाकवत, शेपू, अळू आग्रहाने वाढणारी आपली आजी येथे पूर्ण बरोबर होती. एका ठिकाणी ती अपुरी पडली, दुसऱ्या ठिकाणी जिंकली. आणि दोन्ही निकाल एकाच गावातील एकाच रुग्णालयातून लागले, हा योगायोग मोठा बोधप्रद आहे.

आपल्या पूर्वजांनी भांडे घडविताना पत्र्यातील बारीकशी चीरही दडविली नाही. पाणी भरून, उन्हात धरून, ग्राहकासमोर तपासून मगच ते हाती दिले. इतिहासाचेही तसेच आहे. त्यातील चीर आपण स्वतः दाखविली, तरच आपल्या हातच्या मालावर लोकांचा विश्वास राहील. कुलस्वामिनीच्या कृपेने आपल्या घरोघरचे पाळणे हलते राहोत आणि तांबट आळीतील ठोकेही पुन्हा दुमदुमोत, एवढी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.